ढिगाखालचा निळा पर

ट्रॉलरच्या जाळ्याला निवड नसते. तळ खरवडत ते पुढे जातं आणि वाटेत येईल ते पोटात घेतं. जाळं वर ओढून डेकवर मोकळं केलं की खलाशी मासळी निवडायला बसतात. विकाऊ माल एकीकडे, बाकीचं दुसरीकडे. त्या बाकीच्या ढिगात काय काय असतं, याचा हिशेब सहसा कुणी ठेवत नाही. बोटभर पिल्लं, खेकडे, तारामासे, समुद्री साप, आणि एखाद्या वेळी सगळी हयात दर्यावर काढलेल्या तांडेलालाही नाव सांगता येणार नाही असं जनावर. बहुतेकदा हा ढीग पाण्यात परत लोटला जातो, नाहीतर खताला जातो. विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला मासा अशाच एका ढिगात, मुशी आणि पाकटांच्या खाली दबलेला होता.

ही हकिकत ईस्ट लंडनची. हे शहर इंग्लंडात नाही, दक्षिण आफ्रिकेत हिंदी महासागराच्या काठावर आहे. तिथलं लहानसं संग्रहालय मार्जरी कोर्टनी-लॅटिमर नावाच्या बाई सांभाळत. १९३१ साली ही नोकरी मिळाली तेव्हा त्या नर्सिंगच्या शिक्षणाला निघाल्या होत्या. विद्यापीठाची पदवी नव्हती. पक्षी, शिंपले, रानफुलं यांचा लहानपणापासूनचा नाद, एवढंच भांडवल. संग्रहालयाकडे पैसा नव्हता, म्हणून बाईंनी माणसं जोडली. ‘आयर्विन अँड जॉन्सन’ कंपनीचे ट्रॉलर बंदरात यायचे, त्यांच्या कप्तानांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की काही वेगळं दिसलं तर फेकू नका, बाजूला ठेवा आणि मला कळवा. ‘नेरीन’चे कप्तान हेंड्रिक गूसेन हे मनावर घेऊन पाळायचे.

२२ डिसेंबर १९३८ला ‘नेरीन’ बंदरात आली. परतीच्या वाटेवर गूसेननी चालुम्ना नदीच्या मुखासमोर सुमारे ४० वाव पाण्यात जाळं टाकलं होतं. कंपनीच्या कचेरीतून लॅटिमरबाईंना फोन आला. त्या एका पुरातन सरपटणाऱ्या प्राण्याची हाडं जुळवण्यात गुंतल्या होत्या आणि धक्क्यावर जायचा त्यांना कंटाळाच आला होता. पण नाताळ तोंडावर होता, निदान खलाशांना शुभेच्छा तरी द्याव्यात म्हणून मदतनिसाला घेऊन टॅक्सीने गेल्या. ढिगात नेहमीचाच माल दिसत होता. निघणार तेवढ्यात खालून एक निळा पर बाहेर आलेला दिसला. वरचा थर उपसल्यावर जे निघालं ते त्यांनी पुढे अनेकदा वर्णन करून सांगितलं: पाच फूट लांब, फिकट जांभळट निळा रंग, त्यावर पांढरट ठिपके, अंगभर टणक खवले, आणि शरीराला थेट चिकटलेले नव्हे तर मांसल देठावर बसलेले, हातापायांसारखे वाटणारे चार पर. डेकवर एक म्हातारा स्कॉटिश खलाशी होता. तीस वर्षं ट्रॉलरवर काढली, पण असलं काही पाहिलं नाही, असं त्यानेही सांगितलं.

मासा सव्वाशे पौंडांहून जड, म्हणजे जवळपास ५७ किलो. टॅक्सीवाल्याने तो गाडीत घ्यायला साफ नकार दिला. बाईंनी त्याला ठणकावलं की मासा ताजा आहे, आणि तुला जमत नसेल तर दुसरी टॅक्सी बोलावते. मासा संग्रहालयात पोहोचला. पुस्तकं उलटीपालटी केली तेव्हा सगळ्यांत जवळचं चित्र निघालं ते एका नामशेष प्राण्याचं, म्हणजे उत्तर म्हणून निरुपयोगी. संग्रहालयाच्या अध्यक्षांनी एक नजर टाकून निकाल दिला की हा रॉक कॉड आहे, म्हणजे आपल्याकडच्या गोबऱ्याच्या गोतातला, उगाच बाऊ करू नका.

इथे प्रकरण संपायला काहीच हरकत नव्हती. मासा काय आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं. पण तो गोबरा नाही, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं, आणि त्यांचं मोठेपण मला त्यातच दिसतं. ज्याचं नाव सांगता येत नाही ती वस्तू नगण्य ठरवून मोकळं व्हायचं, हा सगळ्याच कचेऱ्यांचा रिवाज. बाईंनी तो पाळला नाही.

पण मासा ठेवायचा कुठे? तिकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. शवागारवाल्यांनी हात वर केले, शीतगृहानेही नाही म्हटलं. शेवटी हातगाडीवर घालून मासा रॉबर्ट सेंटर यांच्याकडे नेला. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते उभे करणं हा त्यांचा धंदा. फॉर्मॅलिन जेमतेम होतं, त्यात वर्तमानपत्रं आणि चादर भिजवून माशाला गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ग्रॅहॅम्सटाउनच्या जे. एल. बी. स्मिथ यांना पत्र लिहिलं आणि सोबत माशाचं एक ओबडधोबड रेखाटन जोडलं. स्मिथ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मासे हा त्यांचा छंद, पण असा की त्या किनाऱ्यावर त्यांच्याइतका मत्स्यतज्ज्ञ दुसरा नव्हता.

नेमके स्मिथ सुटीवर दूर नायस्नाला होते. पत्र त्यांच्या हाती पडलं ३ जानेवारी १९३९ला. रेखाटन पाहून ते हादरलेच. शेपटीच्या दोन पाकळ्यांच्या मधून बाहेर आलेली तिसरी छोटी पाकळी, देठावरचे पर, डोक्यावरची हाडांची कवचं: हे सगळं एकत्र फक्त एकाच गटात येतं, आणि तो गट फक्त दगडांत भेटतो. त्यांनी तातडीने तार केली की सांगाडा आणि कल्ले जपून ठेवा, फार महत्त्वाचं आहे.

तार पोहोचण्याच्या आधीच आठवडा उलटून गेला होता. माशातून तेल पाझरत होतं, आतून तो कुजू लागला होता. वाट पाहून २७ डिसेंबरला बाईंनी कातडं आणि कवटी राखून बाकीचं काढायला सांगितलं. आतडी, काळीज, कल्ले सगळं कचऱ्यात गेलं. नंतर शोध घेतला, पण शहराचा कचरा केव्हाच रवाना झाला होता. काढलेले फोटोही खराब निघाले.

स्मिथ ज्या गटाचं नाव घ्यायला कचरत होते तो सीलाकँथ. एकोणिसाव्या शतकात लुई अगासी यांनी जीवाश्मांवरून या माशांची ओळख करून दिली. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीपासून त्यांचे ठसे खडकांत मिळतात, आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या सुमारास, थांबतात. त्यापुढे काहीच नाही. आपल्यालाही हे मासे अगदीच परके नाहीत. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा नावाच्या ज्युरासिक थरांतून मिळालेला सीलाकँथ सोहनलाल जैन यांनी १९७४ साली ‘इंडोसीलाकँथस रोबस्टस’ या नावाने प्रसिद्ध केला. भारतात सापडलेला हा पहिला सीलाकँथ. त्या थरांचा काही भाग आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यात येतो. म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल आत, सागवानाच्या जंगलाखाली, या माशाचे भाऊबंद दगड होऊन पडलेले आहेत.

स्मिथना उत्तर माहीत होतं, पण ते उच्चारायचं धाडस होत नव्हतं. ‘नामशेष’ मासा जिवंत सापडला असं रसायनशास्त्राच्या मास्तराने जाहीर करायचं आणि पुढे तो साधाच काही निघाला तर? केपटाउनच्या संग्रहालयातून त्यांनी जीवाश्म माशांवरचे ग्रंथ मागवले, बाईंकडून खवले मागवले, पत्रांमागून पत्रं लिहिली. प्रत्यक्ष ईस्ट लंडनला पोहोचायला १६ फेब्रुवारी उजाडली. वाटेत पावसानेही अडवलं. मासा समोर आल्यावर मात्र शंका उरली नाही. १८ मार्चच्या ‘नेचर’मध्ये त्यांनी त्याचं नाव जाहीर केलं, लॅटिमेरिया चालुम्नी. पहिला शब्द बाईंचा, दुसरा नदीचा. गूसेनचं नाव त्यात नाही. ढीग बाजूला ठेवणाऱ्याचाही वाटा असायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं.

मासा सापडला, पण अर्धाच. कल्ले कसे आहेत? काळीज कसलं? अंडी घालतो की पिल्लं? पेंढा भरलेल्या कातड्याला हे विचारता येत नव्हतं. त्यातच महायुद्ध आलं. युद्ध संपल्यावर स्मिथ आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी माशाचं चित्र असलेली पत्रकं छापून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वाटली, इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत. बक्षीस १०० पौंड. त्यातली सूचना पहिल्या माशाच्या वेळी पोळलेल्या हातांनी लिहिलेली होती: कापू नका, साफ करू नका, आख्खाच्या आख्खा शीतगृहात पोहोचवा.

डिसेंबर १९५२मध्ये कोमोरो बेटांपैकी आंजुआनवर एका कोळ्याने गळाला लागलेला असाच मासा बाजारात आणला. तो कापला जाणार इतक्यात एका शिक्षकाने पत्रकातलं चित्र ओळखलं. मासा डोंगर ओलांडून बेटाच्या दुसऱ्या बाजूला नेला. तिथे एरिक हंट या व्यापारी गलबतवाल्याने तो मिठात आणि फॉर्मॅलिनमध्ये टिकवला आणि स्मिथना तार केली. आता पुन्हा नाताळ आणि पुन्हा सुटीचे दिवस. विमान मिळेना. स्मिथनी थेट पंतप्रधान मलान यांना फोन लावला. मलान हे धर्मोपदेशक, वर्णभेदाचं धोरण रुजवणारं त्यांचं सरकार, आणि उत्क्रांतीच्या सिद्धांतावर त्यांचा विश्वास असण्याचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी हवाई दलाचं डाकोटा विमान दिलं. एका माशासाठी लष्करी विमान देणारा हा पंतप्रधान इतर बहुतेक बाबतींत कौतुकाला पात्र नाही, पण हे श्रेय त्याला द्यावंच लागतं.

या दुसऱ्या माशाच्या पाठीवर पुढचा पर नव्हता आणि शेपटीची मधली पाकळीही नव्हती. स्मिथना वाटलं की ही निराळीच जात, आणि त्यांनी मलान यांच्यावरून तिचं नाव ‘मलानिया’ ठेवून टाकलं. पुढे ध्यानात आलं की मासा तोच आहे, त्याचे ते भाग कधीतरी तुटले होते, एवढंच. जगात त्या घडीला सीलाकँथ सर्वांत चांगला ओळखणारा माणूस, आणि तोही फसला, कारण त्याने आजवर एकच नमुना पाहिलेला होता. एका नमुन्यावरून दोष आणि स्वभाव वेगळे काढता येत नाहीत.

आणि कोमोरोचे कोळी? त्यांना काहीच नवल वाटलं नाही. ते या माशाला गोंबेसा म्हणत. रात्री खोल पाण्यात तेलकट माशासाठी गळ टाकला की अधूनमधून तो लागायचा. तेलकट मांस, खाल्लं तर पोट बिघडवणारं, त्यामुळे बाजारात किंमत नाही. त्याचे खरखरीत खवले सायकलच्या ट्यूबवर पंक्चर काढताना घासायला वापरतात, असंही सांगतात. शास्त्रज्ञांनी ज्याच्यासाठी चौदा वर्षं किनारे पालथे घातले, तो इथे विकाऊ नसलेल्या मालात मोडत होता. कोळ्यांना मासा ठाऊक होता, तो कुठे मिळतो हेही ठाऊक होतं. फक्त तो संपलाय असं कुठेतरी छापून आलंय, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

कोमोरो तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं, आणि त्यांनी हा मासा परक्यांना बंद करून टाकला. पुढचे नमुने बहुतेक पॅरिसला गेले. आख्खे मासे हाती आल्यावर मात्र पोटातलं एकेक गुपित उघडं पडलं. पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची माळ नाही, तर बागेला पाणी घालायच्या नळीसारखी तेलाने भरलेली लांब पोकळ नळी. कवटीला मध्ये सांधा, त्यामुळे तोंड उघडताना पुढचा भाग वर उचलला जातो. मेंदू एवढासा की कवटीची बहुतेक जागा चरबीनेच व्यापलेली. नाकाडात विजेचे सूक्ष्म प्रवाह ओळखणारं इंद्रिय. जिथे फुप्फुस असायला हवं तिथे चरबीने भरलेली पिशवी. या माशाला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. कोट्यवधी वर्षं जिवंत राहिलेला प्राणी कुठेतरी बदलतच राहतो, आणि नेमक्या लॅटिमेरिया या प्रजातीचा तर एकही जीवाश्म अजून मिळालेला नाही.

जतन करून ठेवलेल्या वस्तूचं वैशिष्ट्य असं की तिला पुढे कधीही नवा प्रश्न विचारता येतो. न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’मध्ये १९६२ साली पकडलेली एक मादी ठेवलेली होती. १९७५मध्ये तिची चिरफाड केली तेव्हा पोटात पाच पिल्लं निघाली, वाढीच्या शेवटच्या टप्प्यातली. सीलाकँथ अंडी बाहेर घालत नाही हे त्या दिवशी पक्कं झालं. २०२१ साली फ्रेंच संशोधकांनी पॅरिसच्या संग्रहातल्या २७ माशांचे खवले ध्रुवित प्रकाशाखाली तपासले. आधी नजरेतून सुटलेली बारीक वर्षवलयं दिसली. त्यावरून हा मासा शंभर वर्षांच्या आसपास जगू शकतो आणि मादी सुमारे पाच वर्षं पिल्लं पोटात वाढवते, असा अंदाज निघाला. तोवर त्याचं आयुष्य वीसेक वर्षांचं धरत असत. वर्षानुवर्षं बरणीत पडून असलेल्या खवल्यांनी हे उत्तर दिलं.

याच्या अगदी उलट हकिकत जपानी ट्रॉलर ‘झुइयो मारू’ची. २५ एप्रिल १९७७ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चपासून पूर्वेला सुमारे ३०० मीटर खोलीवरून त्यांच्या जाळ्यात एक कुजलेलं धूड आलं. लांबी सुमारे १० मीटर, वजन अंदाजे १,८०० किलो, लांब मान, लहान डोकं, चार वल्ह्यांसारखे अवयव. घाणीचा दर्प सुटला होता. गोदामातली मासळी बिघडेल म्हणून कप्तानाने ते परत समुद्रात टाकायला लावलं. व्यापाराच्या दृष्टीने निर्णय चोख होता. जहाजावरचे एक अधिकारी मिचिहिको यानो यांनी तेवढ्यात पाच फोटो काढले, मोजमापं घेतली आणि पराच्या टोकाचे काही शिंगासारखे तंतू कापून घेतले. जुलैमध्ये फोटो छापून आले आणि जपानात एकच हलकल्लोळ झाला. कुणी ते डायनोसॉरांच्या काळातलं प्लेसिओसॉर ठरवलं. कंपनीने त्या भागातल्या आपल्या जहाजांना धूड पुन्हा शोधायला सांगितलं. अर्थातच काही मिळालं नाही.

निकाल दिला तो त्या चिमूटभर तंतूंनी. त्यांतल्या अमिनो आम्लांचं प्रमाण तपासलं तर ते शार्कच्या परातल्या तंतूंशी, नेमकं बास्किंग शार्कशी, जुळलं. मग लांब मान आली कुठून? बास्किंग शार्क कुजायला लागला की आधी त्याचा खालचा जबडा आणि प्रचंड कल्ल्यांच्या कमानी गळून पडतात, कारण त्या सैल बांधलेल्या असतात. उरते ती लहानशी कवटी आणि तिला जोडलेला कणा. कणा शेपटीच्या फक्त वरच्या पाकळीत शिरतो, म्हणून खालची पाकळी झडली की शेपूट लांब आणि निमुळती दिसते. पाठीवरचा पर बाजूला लोंबतो. किनाऱ्यावर वाहून आलेल्या कितीतरी ‘सागरी राक्षसां’चा उगम असाच आहे. १८०८ साली स्कॉटलंडच्या उत्तरेला स्ट्रॉन्से बेटावर लागलेलं गाजलेलं धूडही बास्किंग शार्कच होतं असं मानतात. कुजलेल्या प्राण्याचा आकार ही पुराव्याची सर्वांत खोटी बाजू. तंतू, दात, खवला, हाडाचा तुकडा यांना खोटं बोलता येत नाही.

सीलाकँथच्या कथेत आणखी एक फाटा आहे, तो थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९९७मध्ये इंडोनेशियाच्या मनाडो शहरात जीवशास्त्रज्ञ मार्क एर्डमन आणि त्यांच्या पत्नी अर्नाझ मेहता बाजारात हिंडत होते. एका गाडीवर त्यांना सीलाकँथ दिसला. फोटो काढले, विक्रेत्याशी बोलले, आणि मासा तिथेच राहू दिला. कोमोरोपासून हजारो किलोमीटर दूर हा मासा असणं किती मोठी गोष्ट आहे, हे नंतर उमगलं. मग कोळ्यांना भेटी देत फिरणं, विचारपूस, वाट पाहणं. जुलै १९९८मध्ये एका कोळ्याने तो जिवंत आणला. रंग निळा नव्हे, तपकिरी. कोळी त्याला राजा लाउत म्हणायचे. पुढच्या वर्षी त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली.

आपल्या किनाऱ्यावर मासळीची नोंद करणारी माणसं आहेत. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे कर्मचारी बंदराबंदरांवर लिलावाच्या वेळी टिपणं घेतात, रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं संग्रहालय आहे. तरी पहाटेच्या घाईत, बर्फाच्या गोण्या आणि डोक्यावरच्या पाट्यांच्या गर्दीत, ढिगातल्या अनोळखी जनावराकडे बघायला कुणाला सवड असते? खलाशाला मजुरी मालावर मिळते, नवलावर नाही.

आणि १९३८नंतर एक गोष्ट पुरती उलटली आहे. तेव्हा अनोळखी प्राणी ठेवणं हे पुण्यकर्म होतं. आज जाळ्यात सापडणाऱ्या कितीतरी प्राण्यांच्या बाबतीत सोडून देणं हेच कायद्याचं सांगणं आहे. व्हेल शार्क आणि करवत मासा २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री कासवं आणि डॉल्फिनही संरक्षित. करवत माशाची अवस्था तर अशी की त्याचं दातेरी नाकाड कुठल्याही जाळ्यात सहज गुंततं, आणि तेच त्याच्या नाशाचं कारण ठरलंय. आता ओळख पटवायची वेळ संग्रहालयातल्या टेबलावर येत नाही. ती होडीच्या काठावर, हेलकाव्यांत, फाटत चाललेल्या जाळ्यात येते, आणि हातात पाच-दहा मिनिटं असतात. व्हेल शार्क की मोठी मुशी, करवत मासा की त्याच्यासारखाच चपट्या नाकाडाचा दुसरा कुणी, हे तेवढ्यात ठरवायचं.

ठरवण्याची किंमतही मच्छीमारालाच मोजावी लागते. जनावर सोडायचं तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे पुढचे कित्येक महिने. म्हणून महाराष्ट्रात २०१८पासून एक योजना आहे. संरक्षित प्राणी जाळं कापून सुखरूप सोडला तर नुकसानभरपाई मिळते, जास्तीत जास्त २५,००० रुपये. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं मिळून ती चालवतात. त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. म्हणजे होडीवरच्या एकाने सुरी धरायची आणि दुसऱ्याने मोबाइल, आणि प्राणी पाण्यात दिसेनासा होण्याआधी त्याची शेपूट, पर आणि डोकं चौकटीत आलं पाहिजे.